भाव मिळतो, निवड मिळत नाही

रॉबर्ट नोझिक यांच्या १९७४ सालच्या ‘अनार्की, स्टेट अँड युटोपिया’ या ग्रंथातलं विल्ट चेंबरलेनचं उदाहरण राजकीय तत्त्वज्ञान शिकणाऱ्यांना चांगलंच परिचयाचं आहे. समाजातल्या संपत्तीची वाटणी तुम्हाला न्याय्य वाटेल तशी करा, अगदी समसमान केलीत तरी चालेल, असं नोझिक म्हणतात. आता बास्केटबॉलपटू चेंबरलेनचा खेळ पाहायला येणारा प्रत्येक प्रेक्षक तिकिटाच्या पैशातले पंचवीस सेंट त्याच्या नावाच्या वेगळ्या पेटीत टाकतो. हंगामात दहा लाख लोक आले की त्याच्यापाशी अडीच लाख डॉलर जमतात. कुणी कुणाला फसवलं नाही, कुणावर जबरदस्ती केली नाही, तरी समानता मोडली. मग अन्याय झाला तो कुठे? या प्रश्नावर पन्नास वर्षं वाद चालू आहे. त्या वादात एक बारीक गोष्ट सहसा निसटून जाते. उदाहरण मांडताना नोझिक कंसात एक गृहीतक घालतात: करार एकेका वर्षाचेच आहेत आणि खेळाडू फ्री एजंट आहेत, म्हणजे करार संपल्यावर हव्या त्या संघाकडे जायला मोकळे आहेत, असं समजा. त्या काळातल्या एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, हे खरं नव्हतं. पुस्तक आलं त्याच्या आदल्याच वर्षी खरा चेंबरलेन लॉस एंजेलिस लेकर्स सोडून प्रतिस्पर्धी लीगमधल्या सॅन डिएगो कॉन्किस्टाडोर्सकडे खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी कामासाठी निघाला होता. करारातल्या कलमानुसार त्याच्या खेळावर अजून एक वर्ष आपला हक्क आहे, असं म्हणत लेकर्सनी कायद्याचा बडगा उगारला, आणि तो अख्खा हंगाम त्याला मैदानाच्या कडेला उभं राहून नुसतं प्रशिक्षण द्यावं लागलं. पुस्तकातला चेंबरलेन आपला खेळ विकायला मोकळा होता, खऱ्या चेंबरलेनला खेळायचीच बंदी होती.

त्या कंसातल्या गृहीतकातच माझ्या मते खरा प्रश्न दडलेला आहे. स्वतःचं कौशल्य विकायला माणूस मोकळा आहे असं आपण कधी म्हणू शकतो? पैसे पुरते मिळाले म्हणजे मोकळा, की कुणासाठी काम करायचं हे ठरवता आलं म्हणजे मोकळा? एनबीएचे नियम गेली पन्नास वर्षं या प्रश्नाभोवतीच घोटाळत आले आहेत, आणि त्यातले दोन नियम विशेष महत्त्वाचे आहेत. एक सॅलरी कॅप, म्हणजे एका संघाने खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करावा याची मर्यादा. दुसरा रिस्ट्रिक्टेड फ्री एजन्सीचा, म्हणजे करार संपलेल्या तरुण खेळाडूला दुसऱ्या संघाने देऊ केलेला करार जसाच्या तसा देऊन त्याला ठेवून घेण्याचा जुन्या संघाचा हक्क. दोन्ही नियम खेळाडूंवरची बंधनं म्हणून एकाच दमात सांगितले जातात, आणि त्यांचं समर्थन किंवा निषेधही एकगठ्ठा होतो. नैतिकदृष्ट्या मात्र ते दोन वेगळ्या जातींचे आहेत. पहिला रकमेला मर्यादा घालतो, दुसरा माणसाच्या निर्णयावर दुसऱ्याचा ताबा ठेवतो. पहिल्याचं समर्थन होऊ शकतं. दुसऱ्याचं, निदान त्याच्या आजच्या स्वरूपात, होऊ शकत नाही.

आधी कॅपचं बघू. १९८३ साली संघमालक आणि खेळाडू संघटना यांच्यात झालेल्या करारानुसार १९८४-८५च्या हंगामापासून ही मर्यादा लागू झाली, तेव्हा ती होती ३६ लाख डॉलर. २०२५-२६च्या हंगामासाठी ती सुमारे १५.४६ कोटी डॉलर आहे. ही भिंत काही अभेद्य नाही. स्वतःच्या जुन्या खेळाडूला ठेवून घेण्यासाठी संघ ती ओलांडू शकतो. लॅरी बर्ड या बॉस्टनच्या खेळाडूच्या नावाने ही सवलत ओळखली जाते. पुढे १९९७मध्ये मिनेसोटाने एकवीस वर्षांच्या केव्हिन गार्नेटशी सहा वर्षांचा १२.६ कोटी डॉलरचा करार केला, मालक हादरले, आणि १९९९च्या करारात एकेका खेळाडूच्या पगारावरही कमाल मर्यादा आली. ती आज अनुभवानुसार कॅपच्या २५, ३० किंवा ३५ टक्के असते. या सगळ्यात एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. लीगच्या बास्केटबॉलमधल्या उत्पन्नाचा खेळाडूंचा एकूण वाटा करारानेच ठरलेला असतो. २०११च्या टाळेबंदीपूर्वी तो ५७ टक्के होता, नंतर तो ४९ ते ५१ टक्क्यांच्या घरात आला. वाटा ठरलेला असला की एकाचा पगार कमी झाल्याने वाचलेला पैसा थेट मालकाच्या खिशात जात नाही, बराचसा दुसऱ्या खेळाडूंकडे वळतो. म्हणून पगाराचे नियम वरवर मालक आणि खेळाडू यांच्यातले दिसले, तरी आतून ते खेळाडू आणि खेळाडू यांच्यातल्या वाटणीचे नियम असतात. तारे आणि सामान्य, जुने आणि नवे, अशा त्यातल्या बाजू आहेत.

रिस्ट्रिक्टेड फ्री एजन्सी या वाटणीत नव्यांच्या वाट्याला येते. खेळाडू ड्राफ्टमधून येतो, म्हणजे कुठल्या शहरात जायचं हे तो ठरवत नाही, संघ त्याला उचलतो. १९९५पासून पहिल्या फेरीत निवडलेल्यांचे पगार कोष्टकाने ठरतात. त्याच्या आदल्या वर्षी ग्लेन रॉबिन्सनने मिलवॉकीकडून एकही सामना न खेळता दहा वर्षांचा ६.८ कोटी डॉलरचा करार मिळवला होता, त्याचा हा परिणाम. या कोष्टकाच्या करारात पहिली दोन वर्षं पक्की, पुढची दोन संघाच्या मर्जीवर. चार वर्षं झाली की संघ त्याला क्वालिफाइंग ऑफर देतो, म्हणजे ठरावीक रकमेचा एका वर्षाचा प्रस्ताव, आणि त्यासरशी तो रिस्ट्रिक्टेड ठरतो. दुसरा संघ त्याला ऑफर शीट देऊ शकतो, पण मूळ संघाने एक-दोन दिवसांच्या मुदतीत तेवढ्याच रकमेला होकार दिला की विषय संपला. एकोणिसाव्या वर्षी ड्राफ्ट झालेला मुलगा तेविसाव्या वर्षी या दारात येतो, आणि त्याची चार वर्षांची ऑफर शीट मूळ संघाने मान्य केली तर सत्ताविसाव्या वर्षापर्यंत तिथेच राहतो. बहुतेकांची कारकीर्द मुळात इतकी टिकतच नाही. त्यामुळे आपला मालक स्वतः निवडण्याची वेळ अनेकांवर एकदाही येत नाही.

समर्थक म्हणतात, यात बिघडलं काय? त्याला बाजारभाव मिळाला ना? दुसऱ्याने सांगितलेली पै न पै पहिल्याने मोजली. या युक्तिवादाची ताकद आपल्याकडच्या वाचकाला चटकन कळेल, कारण जमिनीच्या व्यवहारात आपण तो मान्य केलेला आहे. वडिलोपार्जित मालमत्तेतला हिस्सा विकायचा तर आधी भावंडांना विचारा, ते तेवढेच पैसे देत असतील तर त्यांना द्या, हा नुसता गावचा रिवाज नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या बाविसाव्या कलमात सहवारसांना असा अग्रहक्क दिलेला आहे. विकणाऱ्या भावाचं त्यात सहसा नुकसान होत नाही. त्याला पैसे हवे होते, ते मिळाले. जमिनीला नव्या मालकाकडे जायचं होतं की जुन्याकडेच राहायचं होतं, हा प्रश्नच उद्भवत नाही. पण खेळाडूच्या बाबतीत विकणारा आणि विकली जाणारी वस्तू एकच आहे. पैसे घेऊन तो घरी जात नाही, पैशाबरोबर त्यालाच जावं लागतं. कुठल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, कुठल्या भूमिकेत, कुठल्या शहरात पुढची चार वर्षं काढायची हे त्याच्या आयुष्याचे प्रश्न आहेत. भावंडांचा अग्रहक्क माणसाला लावला की भावाची भरपाई होते, निवडीची होत नाही.

डिआंड्रे एटनच्या प्रकरणात हे उघड्यावर दिसतं. २०१८च्या ड्राफ्टमध्ये फिनिक्स सन्सनी त्याला अगदी पहिल्या क्रमांकावर निवडलं. २०२१मध्ये संघ अंतिम फेरीपर्यंत पोहोचला, तरी त्यानंतर त्याला हवा होता तो कमाल रकमेचा वाढीव करार संघाने दिला नाही. जुलै २०२२मध्ये इंडियाना पेसर्सनी चार वर्षांची सुमारे १३.३ कोटी डॉलरची ऑफर शीट पुढे केली, त्याने तिच्यावर सही केली, आणि त्याच दिवशी फिनिक्सने ती रक्कम मान्य करून त्याला ठेवून घेतलं. पैशाचा विचार केला तर तक्रारीला जागाच नव्हती. आता नियमाचा पुढचा भाग पाहा. अशा रीतीने ठेवून घेतलेल्या खेळाडूला एक वर्षभर त्याच्या संमतीशिवाय दुसरीकडे पाठवता येत नाही. वर्ष सरलं की येतं. सप्टेंबर २०२३मध्ये, म्हणजे चौदा महिन्यांनी, फिनिक्सने त्याला एका मोठ्या अदलाबदलीत पोर्टलंडला धाडलं. ज्या संघात जायला तो स्वतः तयार होता तिथे त्याला जाऊ दिलं नाही, आणि ज्या संघाशी त्याने करारच केला नव्हता तिथे त्याला पाठवलं गेलं. संघाने नियम मोडला नाही, फसवणूकही केली नाही. म्हणूनच हे उदाहरण बोलकं आहे: सगळं नियमात बसूनही एका माणसाच्या दोन्ही वेळच्या ठिकाणांचा निर्णय दुसऱ्यांनीच घेतला.

आयरिश तत्त्वज्ञ फिलिप पेटिट यांनी स्वातंत्र्याची जी कल्पना मांडली आहे ती इथे उपयोगी पडते. कुणी आपल्या आड येत नाही एवढ्यावरून माणूस स्वतंत्र ठरत नाही, असं ते म्हणतात. दयाळू मालकाचा गुलाम दिवसभर हवं ते करत असेल, पण मालकाच्या मनात आलं तर त्याला थांबवता येतं, आणि ही थांबवण्याची सत्ताच पारतंत्र्य आहे. ती वापरली जाते की नाही हा पुढचा प्रश्न. कोट्यवधी डॉलर मिळवणाऱ्या खेळाडूला गुलाम म्हणणं हा अर्थातच शब्दांचा आचरटपणा होईल. पण पेटिट यांची कसोटी संपत्तीबद्दल बोलतच नाही. ती विचारते: या निर्णयाची किल्ली कुणाच्या हातात आहे? कॅपच्या बाबतीत उत्तर येतं की नियमाच्या हातात, आणि तो नियम तीसही संघांना सारखाच लागू आहे. एखाद्या संघाकडे जागा नसली तर तो खेळाडू घेऊ शकत नाही, पण म्हणून तो खेळाडू कुणाच्या मर्जीखाली जात नाही. रिस्ट्रिक्टेड फ्री एजन्सीत मात्र किल्ली एका विशिष्ट मालकाच्या खिशात असते, आणि ती लावायची की नाही हे तो आपल्या सोयीने ठरवतो.

शिवाय पूर्ण भाव मिळतो हा दावाही नीट तपासला की डळमळतो. भाव ठरायला बोली लावणारे लागतात. मूळ संघ बरोबरी करणारच, असं दिसत असेल तर दुसरे संघ बोली लावायच्या भानगडीत पडत नाहीत. उत्तर येईपर्यंत त्यांची कॅपमधली जागा अडकून पडते आणि तेवढ्यात बाकीचे चांगले खेळाडू हातचे जातात. २०२५च्या उन्हाळ्यात मोठ्या करारासाठी मोकळी जागा जवळजवळ एकट्या ब्रुकलिनकडेच होती. जॉश गिडी, जोनाथन कुमिंगा, क्वेंटिन ग्राइम्स आणि कॅम थॉमस हे चौघे रिस्ट्रिक्टेड खेळाडू उन्हाळाभर ताटकळत राहिले. गिडीला सप्टेंबरमध्ये शिकागोने चार वर्षांचे दहा कोटी डॉलर दिले, कुमिंगाने गोल्डन स्टेटशी दोन वर्षांचा करार केला तोही दुसरं वर्ष संघाच्या मर्जीवर ठेवून, आणि ग्राइम्स व थॉमस यांनी अनुक्रमे सुमारे ८७ लाख आणि ६० लाख डॉलरच्या एका वर्षाच्या क्वालिफाइंग ऑफर पत्करल्या. पत्करणाऱ्याला पुढच्या वर्षी पूर्ण मोकळीक मिळते, पण त्या वर्षात गुडघा गेला तर सगळंच गेलं. ग्रेग मनरोने २०१४मध्ये डेट्रॉइटकडून अशीच एका वर्षाची जोखीम घेतली आणि पुढच्या उन्हाळ्यात मिलवॉकीकडून पाच कोटींचा करार मिळवला. त्याचं जमलं, पण नियमाचं मर्म जमण्या-न जमण्यात नाही. मोकळं व्हायचं तर हातचं सोडून पळत्याच्या मागे लागायचा धोका खेळाडूनेच पत्करायचा, आणि संघाने मात्र निवांत बसायचं, ही त्यातली विषमता आहे. म्हणून बरोबरी करण्याचा हक्क आणि आखडलेली कॅप एकत्र आले की त्यातून कमी पैसे देण्याचा हक्क तयार होतो.

या दबावाने करारांचे आकारही वाकडे होतात. २००३मध्ये गोल्डन स्टेटचा दुसऱ्या फेरीतला गिल्बर्ट अरेनस वॉशिंग्टनकडे गेला, कारण कॅपमुळे मूळ संघाला बरोबरी करणं शक्य नव्हतं. लगेच २००५च्या करारात अशा खेळाडूंच्या ऑफर शीटच्या पहिल्या वर्षाच्या रकमेला लगाम आला. पळवाट शोधणाऱ्यांनी मग सगळा भार तिसऱ्या वर्षावर टाकायला सुरुवात केली. २०१२मध्ये ह्यूस्टनने जेरेमी लिनला तीन वर्षांचे सुमारे २.५१ कोटी डॉलर देऊ केले, त्यातले १.४९ कोटी एकट्या तिसऱ्या वर्षाचे, म्हणजे मूळ संघ न्यू यॉर्क निक्सना त्या वर्षी जबर लक्झरी टॅक्स, पगारावर ठरावीक पातळीपलीकडे खर्च केल्याचा दंड, बसावा. निक्सनी नाद सोडला. या करारांतली वर्षं आणि रकमा लिहिताना समोर खेळाडूची गुणवत्ता कमी आणि मूळ संघाचं दुखणं जास्त असतं. उलट बाजूही सांगायला हवी. २०१८मध्ये डेन्व्हरने निकोला योकिचच्या स्वस्त करारातलं शेवटचं वर्ष आपण होऊन सोडलं, त्याला रिस्ट्रिक्टेड केलं आणि पाच वर्षांचे सुमारे १४.८ कोटी डॉलर दिले. वर्षभर थांबले असते तर तो पूर्ण मोकळा झाला असता, ही भीती होती. या नियमाने खेळाडूचं भलंही होतं, हे त्यावरून मान्य करावं लागतं. पण भलं झालं ते मूळ संघाला त्याची मोकळीक भयावह वाटली म्हणून. बंधन उदार होतं म्हणून नव्हे.

आता सगळ्यात भक्कम आक्षेप. हे सगळं खेळाडूंच्याच संघटनेने मालकांशी बसून मान्य केलेलं आहे, मग तक्रार कसली? नोझिकवादीही हेच म्हणेल: प्रौढ माणसांनी खुशीने केलेला करार. खरं तर तीस मालकांनी आपसांत ठरवून कामगाराची बोली रोखणं अमेरिकेच्या स्पर्धा कायद्यात गुन्ह्याच्या जवळ जातं. ते वैध ठरतं ते केवळ संघटनेच्या संमतीमुळे. म्हणजे अख्खी इमारत या संमतीवर उभी आहे, आणि ती कुणाची संमती आहे हे विचारणं भाग आहे. संघटनेचा अध्यक्ष असताना ऑस्कर रॉबर्टसनने १९७० साली लीगविरुद्ध दावा लावला. तो १९७६मध्ये मिटला आणि खेळाडूला संघाशी बांधून ठेवणारं जुनं कलम गेलं, पण रॉबर्टसन १९७४मध्येच निवृत्त झाला होता. दुसऱ्यांसाठी लढलेल्या पिढीचं ते फळ. १९८८मध्ये अनुभवी खेळाडूंना पूर्ण मोकळीक मिळाली, सिएटलचा टॉम चेंबर्स त्या वाटेने फिनिक्सला गेला, आणि नंतरच्या वाटाघाटींत बरोबरीच्या हक्काचं ओझं हळूहळू अनुभवींवरून उतरून नवोदितांच्या पाठीवर आलं. ज्यांच्या पाठीवर ते आलं ते मतदानाच्या वेळी शाळेत किंवा कॉलेजात होते. १९८४च्या ऑलिंपिक सुवर्णविजेत्या संघातला लिऑन वुड याने हाच मुद्दा न्यायालयात नेला होता. फिलाडेल्फियाने त्याला पहिल्या फेरीत दहाव्या क्रमांकावर निवडलं, पण कॅप भरल्यामुळे पुढे ठेवला तो एका वर्षाचा ७५ हजार डॉलरचा करार. करार झाला तेव्हा मी संघटनेत नव्हतो, तो मला कसा बांधील, असं त्याचं म्हणणं होतं. १९८७मध्ये अपील न्यायालयाने ते फेटाळलं: नंतर कामावर येणाऱ्यांनाही सामूहिक करार लागू होतो, सगळ्याच उद्योगांत तसंच चालतं.

कायद्याने वुड हरला ते बरोबरच होतं. नवा माणूस आला की करार नव्याने मांडायचा म्हटलं तर कुठलीही संघटना टिकणार नाही. आपणही कितीतरी कायद्यांना बांधील आहोत, जे आपल्या जन्माआधी झाले. पण न्यायालयाने वैधतेचं उत्तर दिलं, न्याय्यतेचं नाही. पुढच्यांना बांधणारा नियम न्याय्य कधी? जॉन रॉल्स यांची कसोटी इथे चपखल बसते: आपण कुठल्या जागी असणार हे ठाऊक नसताना जो नियम आपण पत्करू, तो न्याय्य. मी तारा असेन की बाकावरचा बारावा खेळाडू, एकोणीस वर्षांचा की चौतिसाचा, हे मला माहीत नाही असं धरू. कॅप मी बहुधा पत्करेन. तिने ताऱ्याचं उत्पन्न कमी होतं, पण बाकीच्यांचं वाढतं, आणि दर्जेदार स्पर्धा टिकते. कोष्टकाचा पगारही पत्करेन, कारण पहिली दोन वर्षं पक्की मिळतात. कॅपमध्येही नशिबाचा खेळ आहे हे खरं. नव्या दूरदर्शन करारामुळे २०१६मध्ये ती एकाच उन्हाळ्यात ७ कोटींवरून ९.४१ कोटींवर उडाली, वाढ टप्प्याटप्प्याने करायला संघटनेने नकार दिला, आणि ज्यांचे करार नेमके तेव्हा संपत होते त्यांची चांदी झाली. पण तो दोष दुरुस्त होऊ शकला: २०२३च्या करारात वार्षिक वाढीला दहा टक्क्यांची मर्यादा आली. स्वस्त कोष्टकाची चार वर्षं संपल्यावर, किंमत आधीच चुकती झालेली असताना, पुन्हा त्याच संघाला माझ्या निर्णयावर नकाराधिकार द्यायचा, हे मात्र मी पत्करणार नाही. त्याने गरजूंचं फारसं भलं होत नाही; होतं ते अनुभवींचं, आणि त्यांनी तो भार कधीच उतरवून ठेवला आहे.

दुसरा आक्षेप समतोलाचा आहे आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. बास्केटबॉलचा सामना एकट्या संघाला विकता येत नाही, समोर तोडीचा संघ लागतो. लहान शहरांनी मुलं घडवायची आणि लॉस एंजेलिस, न्यू यॉर्क, मायामीने ती उचलायची, असं झालं तर बळी तो कान पिळी हाच नियम उरेल. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत सात वेगवेगळे संघ विजेते झाले, त्यात मिलवॉकी, डेन्व्हर आणि ओक्लाहोमा सिटी होते. हे यश लहान नव्हे. पण त्याचं श्रेय कुणाला द्यायचं? संघाचा एकूण खर्च बांधणाऱ्या कॅपला आणि स्वतःच्या खेळाडूला जास्त रक्कम व जास्त वर्षं देण्याच्या सवलतीला, असं मला वाटतं. यानिस अँटेटोकूंपोने डिसेंबर २०२०मध्ये मिलवॉकीशी पाच वर्षांचा सुमारे २२.८ कोटींचा वाढीव करार केला तो स्वतःच्या मर्जीने, आणि पुढच्या उन्हाळ्यात संघ विजेता झाला. याउलट २०१४मध्ये शार्लटने गॉर्डन हेवर्डला चार वर्षांची ६.३ कोटींची ऑफर दिली, युटाने बरोबरी करून त्याला ठेवलं, आणि मोकळं होण्याची पहिली संधी मिळताच २०१७मध्ये तो बॉस्टनला गेला. युटाच्या पदरी त्याबदल्यात काही पडलं नाही. संघाला माणूस हवा असेल तर जास्त देऊ करण्याची सोय त्याच्याजवळ असावी, अडवण्याची नको. पहिल्याने माणूस टिकतो, दुसऱ्याने त्याचं जाणं लांबतं.

राहिला तो नेहमीचा टोमणा: कोट्यधीशांच्या दुःखाचं कशाला कौतुक? टोमण्यात एक सत्य आहे. यांच्याहून वाईट अवस्थेतले लाखो कामगार आहेत आणि सहानुभूतीचा पहिला हक्क त्यांचा. पण तत्त्वाचा विचार करताना अशी टोकाची उदाहरणं कामी येतात ती याचसाठी. सामान्य कामगाराच्या बाबतीत पैशाची ओढाताण आणि निर्णयावरचा ताबा इतके एकमेकांत गुंतलेले असतात की कशाचा त्रास कशामुळे ते सांगता येत नाही. इथे पैसा बाजूला काढता येतो, आणि मागे ताबाच तेवढा उरतो. तो उरल्यावरही आपल्याला खटकत असेल, तर स्वातंत्र्य पगारात पूर्णपणे बदलून घेता येत नाही हे सिद्ध झालं, आणि हा निष्कर्ष कमी पगाराच्या कामगारालाही लागू आहे, कदाचित अधिकच.

तर मग काय करावं? बरोबरी करण्याचा हक्क एका फटक्यात काढून टाकण्याची गरज नाही. तो फुकट असता कामा नये. याचं उदाहरण आपल्याकडेच सापडतं. आयपीएलमधलं राइट टू मॅच कार्ड हा अगदी हाच हक्क. २०२४च्या नोव्हेंबरमधल्या मोठ्या लिलावात त्याला एक दुरुस्ती केली गेली: मूळ संघाने कार्ड काढलं की बोली जिंकणाऱ्याला रक्कम वाढवण्याची एक संधी, आणि मूळ संघाला ती वाढीव रक्कम मोजावी लागणार. अमरावतीच्या जितेश शर्मावर बंगळुरूची बोली सात कोटी रुपयांवर थांबली, पंजाबने कार्ड काढलं, बंगळुरूने थेट अकरा कोटी म्हटल्यावर पंजाब मागे सरला. अर्शदीप सिंगच्या वेळी वाढवलेले अठरा कोटी पंजाबने मोजले. लिलावात खेळाडूची मर्जी कुणी विचारतच नाही, त्यामुळे आयपीएलकडून स्वातंत्र्याचे धडे घ्यायचं कारण नाही. पण अडवणाऱ्याने अडवण्याची किंमत द्यावी, एवढं तत्त्व त्यातून घेता येतं. एनबीएत ती किंमत पुढच्या करारात तीन रूपांत येऊ शकते. बरोबरी करणाऱ्या संघाने ऑफरपेक्षा ठरावीक टक्के जास्त द्यावेत. क्वालिफाइंग ऑफर इतकी वाढवावी की मोकळीक निवडणं हा जुगार राहू नये. आणि ज्याला अडवून ठेवलं त्याला, पहिल्या वर्षापुरतंच नव्हे तर त्या अख्ख्या करारात, त्याच्या संमतीशिवाय कुठेही पाठवता येऊ नये. तिसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती हक्क वापरणाऱ्याकडून त्याच्या शब्दाचा हिशेब मागते. हा खेळाडू आम्हाला इथेच हवा आहे, असं सांगून संघ त्याची निवड काढून घेतो. मग ते सांगणं करार संपेपर्यंत खरं ठेवण्याची जबाबदारीही त्याच्यावर पडली पाहिजे. आणि हे बदल मागायचं काम संघटनेतल्या अनुभवी खेळाडूंचं आहे. नवोदितांच्या वतीने सही तेच करतात, आणि आज त्यांच्याजवळ असलेली मोकळीक त्यांना अशा माणसांनी मिळवून दिली, ज्यांना ती स्वतः उपभोगता आली नाही.